कप्तानांचा उजवा पाय

माझ्या मावशीला आमच्या रस्त्यावर सगळे टाचणीबाई म्हणतात. इमारतीच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली हे तिचं दुकान, आणि मागच्या दोन खोल्या हे तिचं घर. नवे कपडे ती शिवत नाही. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाचं फाटलेलं अस्तर बसवणं, सुटलेल्या पोटांसाठी कंबर सैल करून देणं ही तिची कामं. "नवं शिवणारे ढीगभर आहेत," ती म्हणते, "बिघडलेलं अंगाला बसवून देणारं कुणीतरी लागतंच." बोलताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागतं. ते बरंच आहे, कारण उरलेलं निम्मं टोचतं.

तिचे यजमान, म्हणजे माझे काका, बस चालवायचे. डेपोत त्यांना सगळे कप्तान म्हणत, कारण गाडी सुटायच्या आधी ते मागे वळून "बसलात ना सगळे नीट?" असं विचारायचे, जणू जहाजच निघालंय. मावशी त्यांना भेटली तीही त्यांच्याच बसमध्ये. तिच्या दोन्ही हातांत कपड्यांची गाठोडी होती, बोलण्याच्या नादात तिचा स्टॉप मागे गेला आणि तिने असा काही गलका केला, की कप्तानांनी नियम धाब्यावर बसवून गाडी भर रस्त्यात उभी केली. "त्या एका ब्रेकवर मी फसले," असं ती सांगायची आणि काका समोरून म्हणायचे, "मीसुद्धा!"

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी काका दूध आणायला गेले आणि परत येताना चुकले. अख्ख्या शहराचे रस्ते ज्यांच्या डोक्यात होते, ते घरापासून दोन गल्ल्यांवर पिशवी हातात धरून उभे होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि डिमेन्शिया असल्याचं सांगितलं. हळूहळू सगळं पुसलं जाणार, आधी अलीकडचं, मग जुनं, शेवटी गिळणंसुद्धा.

"मला विसरतील?" मावशीने विचारलं.

"हो. केव्हा ते सांगता येत नाही."

"मग मी रोज नव्याने ओळख करून देईन," मावशी म्हणाली. "पहिल्यांदा जमलं होतं, परत जमेल."

आणि तिने जमवलंही. पुढची कितीतरी वर्षं काका तिच्या दुकानात मशीनशेजारच्या खुर्चीवर बसून असायचे. कपडे घालून बघायला पडद्यामागे गेलेल्या गिऱ्हाइकाला ते बाहेरून विचारायचे, "बसलात ना नीट?" आणि आतून उत्तर यायचं, "कंबरेत जरा घट्ट बसतंय, कप्तान!" रस्त्यातल्या लोकांनाही त्याची सवय होऊन गेली होती.

एकदा बाथरूममध्ये ते बेसिनजवळ खाली बसले. पडले म्हणावं असा आवाजही झाला नाही. मावशीच्या खांद्याचा आधार घेऊन ते चालत पलंगापर्यंत आले. फॅमिली डॉक्टर आले, त्यांनी पाय दाबून पाहिला. सूज नव्हती. "काका, दुखतंय का?" त्यांनी विचारलं. "छे छे, मजेत," काका म्हणाले. तेव्हा त्यांच्याजवळ शब्द फार उरले नव्हते, पण हा एक शाबूत होता. कुणीही काहीही विचारलं की "मजेत". त्यानंतर त्यांचं चालणं कमी झालं आणि पुढे थांबलंच. डॉक्टर म्हणाले, हा आजार चालणंही नेतो. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. त्यांनी जे सांगितलं ते आधीच ऐकलेलं होतं, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही.

पलंगावर पडल्यापासून काका ब्रेक मारायला लागले. उजवा पाय एकदम ताठ व्हायचा, पाऊल पुढे दाबलं जायचं, बोटं आवळली जायची आणि मग पाय हळूहळू सैल पडायचा. मावशीने हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती मला हाका मारत चष्म्याच्या दुकानात आली. मी तिथे काम करते, रस्ता ओलांडला की.

"अगं, चल लवकर! हे गाडी चालवतायत!"

मी गेले. मावशी त्यांची कूस बदलत होती आणि खरंच, पाय ब्रेकवर गेला. मावशीने टाळ्या वाजवल्या. "थांबली गाडी! उतरा, उतरा पटापट!" ती म्हणाली आणि काका तिच्याकडे बघून हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही त्या खोलीत मोठ्याने हसलो. त्यानंतर तो रोजचा खेळच झाला. डेपोतले जुने मित्र भेटायला यायचे तेव्हा मावशी मुद्दाम त्यांची चादर बदलायची. पाय दाबला गेला की मित्र म्हणायचे, "कप्तान, सिग्नल हिरवा आहे!" एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. सगळं गेलं पण गाडी राहिली, असं तो म्हणाला.

आंघोळीच्या वेळी काका मारायचे, बोचकारायचे. तो आजाराचा भाग असं आम्हाला सांगितलेलं होतं.

मग त्यांच्या छातीत कफ झाला. त्या आजारपणात डॉक्टरांनी हॉस्पिसचं नाव काढलं. शहराच्या टोकाला ती एक बैठी इमारत आहे, पुढे बाग. बरं करण्यासारखं काही उरलं नाही, अशा माणसांचे शेवटचे दिवस सुखाने जावेत म्हणून तिथे ठेवतात. बहुतेक पेशंट कॅन्सरचे. काही महिनेच उरलेत असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच तिथे घेत. काकांना घेतलं, कारण तेव्हा ते आठवडाभरही काढतील असं वाटत नव्हतं.

तिथे सगळे प्रेमाने वागले, हे सांगायला हवं. रोज सकाळी सिस्टर यायची आणि विचारायची, "काका, दुखतंय का? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती?" काका म्हणायचे, "मजेत." ती शून्य लिहायची. वेळेवर भरवणं, पाठ पुसणं, स्वच्छ चादरी. काकांची छाती मोकळी झाली, गाल भरले, वजन वाढलं. आणि मग ऑफिसमधल्या बाईंनी मावशीला बसवून घेतलं आणि फार अवघडून सांगितलं की यांना आता घरी न्यावं लागेल. ते लवकर जातील असं दिसत नाही.

"म्हणजे मरत नाहीत म्हणून काढताय?" मावशीने विचारलं.

"तसं नाही हो. नियम..."

"आयुष्यात पहिल्यांदा नापास झालेत, आणि तेही कशात!" ॲम्ब्युलन्समध्ये ती हसली. घरी आल्यावर मात्र ती बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून होती.

घरी पाठवताना हॉस्पिसने एक सोय केली होती. त्यांची एक सिस्टर अधूनमधून घरी येऊन बघणार होती. ही सिस्टर उंच, संथ, कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मला तपासायचं काही नाही. तुमची रोजची आंघोळ चालू द्या. मी बघते." आणि ती स्टुलावर बसून राहिली. मावशीला मनातून राग आला. फुकट बघायला आलीय, असं ती नंतर मला म्हणाली. तरी तिने तिला गंमत म्हणून ब्रेक दाखवलाच.

"असे ब्रेक कधी मारतात?" सिस्टरने विचारलं.

"आंघोळीला हमखास. त्या वेळी रस्त्याला गर्दी असते ना!"

"आणि नुसते पडलेले असतात तेव्हा?"

"तेव्हा गाडी डेपोत."

सिस्टर हसली नाही. "आपण पुन्हा एकदा कूस बदलू या. उजवीकडे. या वेळी पायाकडे बघू नका. तोंडाकडे बघा."

मी तिथेच होते, टॉवेल धरून. मीही पहिल्यांदाच तोंडाकडे पाहिलं. काकांच्या भुवया आक्रसल्या. वरचा ओठ आत ओढला गेला. हाताने गादीची कड घट्ट धरली आणि नाकातून एक बारीक आवाज आला. मग पाय सैल पडला. काकांनी डोळे उघडले, समोर आम्हाला पाहिलं आणि सवयीने हसले.

"मला वाटतं यांना दुखतंय," सिस्टर म्हणाली.

"दुखत असतं तर मला कळलं नसतं?" मावशीचा आवाज चढला. "अख्खा संसार केलाय मी यांच्याबरोबर. तुम्ही आज आलात."

"माझं चुकतही असेल," सिस्टर म्हणाली. "डॉक्टरांशी बोलते. साधं दुखण्याचं औषध नेमाने देऊन बघू, आंघोळीच्या आधी तर नक्कीच. काही फरक पडला नाही तर बंद करू."

फरक पडला. आधी मारणं, बोचकारणं थांबलं. काकांनी मावशीला पायाची नखं कापू दिली, जी कापायला एरवी आम्ही दोघी-तिघी लागायचो. ब्रेक मंद झाले. मग हॉस्पिसच्या मोठ्या डॉक्टरांनी घरी मशीन आणवून एक्स-रे काढवून घेतला. कंबरेशी, खुब्यात, हाड मोडलेलं होतं. जुनं. बाथरूममधलं. तसंच वेडंवाकडं राहिलेलं, आणि प्रत्येक वेळी कूस बदलताना घासणारं.

ऑपरेशनचा उपयोग नव्हता. त्यात त्यांचे हालच झाले असते. डॉक्टरांनी जास्त जोराचं औषध सुरू केलं, मॉर्फिनचे थेंब, अगदी थोडे. सिस्टरने दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवून, खालची चादर धरून अख्खं अंग एकदम कसं वळवायचं ते आम्हाला शिकवलं. पुढच्या आठवड्यात मावशीने काकांना डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. पाय हलला नाही. काका झोपूनच राहिले.

मावशी दुकानात आली आणि मशीनवर बसली. मी काहीतरी सांगायला म्हणून गेले, तर ती एका पँटचा पाय शिवून पार बंद करून बसली होती. सुई चालूच.

"मावशी..."

"त्यांना दुखत होतं," ती म्हणाली, "आणि मी टाळ्या वाजवत होते गं." ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळे शब्द अन् शब्द नीट ऐकू आला. "लोकांना बोलावून दाखवत होते."

मी म्हटलं, सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. मलाही. डॉक्टरांनाही. तिने मान हलवली आणि मग जे म्हणाली ते मला अजून आठवतं. "दुखणं थांबलं ते बरं झालं, हे कळतंय. पण तो ब्रेकही गेला. आता त्यांचं काहीच उरलं नाही गं माझ्याकडे." आणि ती रडली. कप्तानांच्या आजारात मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. गिऱ्हाईक दारात आलं होतं, ते काचेतूनच बघून मागे फिरलं.

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "तुझ्या सुट्टीच्या दिवशी मला त्या हॉस्पिसात ने."

मला वाटलं, आता भांडण होणार. मोठे डॉक्टर पांढऱ्या केसांचे, जरा कमी ऐकू येणारे. मावशीने सगळं सांगितलं, चढ्या आवाजात, पण ते त्यांच्या कानांसाठी. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या पोरी रोज विचारत होत्या, दुखतंय का? ज्यांना माझं नाव आठवत नाही, त्यांना दहापैकी किती ते आठवणार? मीही चुकले, तुम्हीही चुकलात. माझ्या घरी एकच आहे. तुमच्याकडे आणखी किती आहेत?"

डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू? आम्ही कधी मोजलंच नाही. हे घर सुरू झालं ते बोलू शकणाऱ्या माणसांसाठी." आणि त्यांनी विचारलं, "हेच माझ्या माणसांसमोर बोलाल?"

मावशी बोलली. जेवणाच्या खोलीत सिस्टर, आया, डॉक्टर, स्वयंपाकघरातली माणसं, सगळे बसले होते. मग तिने एका तरुण डॉक्टरला टेबलावर झोपायला लावलं आणि काकांची कूस आम्ही कशी बदलायचो ते करून दाखवलं. तो हसत होता. "हसू नकोस," ती म्हणाली, "हेही हसायचे."

त्यानंतर एका रात्रीत काही बदललं नाही. पण बोलता न येणाऱ्या माणसाला वळवताना दोघींपैकी एकीने फक्त चेहऱ्याकडे बघायचं, असं ठरलं. शंका आली तर आधी दुखण्याचं औषध द्यायचं, झोपेचं नाही. वजन वाढलं म्हणून कुणाला यादीतून काढायचं नाही. घरी पाठवलं तरी हवं तेव्हा परत यायची मुभा. या शेवटच्या गोष्टीसाठी मोठ्या डॉक्टरांना वरच्या लोकांशी बरंच झगडावं लागलं, असं सिस्टरने आम्हाला सांगितलं.

मावशीने स्वतः आणखी एक काम अंगावर घेतलं. अंगावरून शर्ट काढताना होणारे हाल तिने घरी बघितलेच होते. तिने काकांचे जुने शर्ट पाठीतून उभे कापले, बाह्या खांद्यापर्यंत उघडल्या आणि बाजूला मऊ पट्ट्या लावल्या. समोरून पाहिलं तर इस्त्रीचा शर्ट, कॉलरसकट. हात वर करायची गरजच नाही. हॉस्पिसने ते पाहिले आणि तसे आणखी मागितले. लोक आपापल्या माणसांचे कपडे घेऊन तिच्याकडे यायला लागले. "मेलेल्यांचे कपडे घरचे लोक स्वतःच्या मापाचे करायला आणतात, तसे हे," ती मला म्हणाली, "फक्त इथे माणूस अजून आत आहे."

हिवाळ्यात काकांचं गिळणं बिघडलं. घास तोंडात राहायचा, पाणी प्यायलं की ठसका लागायचा. त्यांचा मुलगा, माझा मावसभाऊ, लांबच्या शहरातून रजा काढून आला. त्याने बाबांना बघितलं आणि त्याचा धीर सुटला.

"आई, हे उपाशी मारणं आहे. हॉस्पिटलमध्ये नेऊ. नाकातून नळी घालता येते. पोटातूनही घालतात."

"मग?"

"मग काय? जगतील!"

मावशीने सिस्टरला बोलावलं. सिस्टर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिने त्याला समजावून सांगितलं, की या आजाराच्या शेवटी शरीरच अन्न मागायचं थांबवतं. नळीने आयुष्य वाढतं असं दिसून आलेलं नाही, कफही थांबत नाही, आणि ती ओढून काढू नये म्हणून पुष्कळदा हात बांधावे लागतात. "त्यांना हवं असेल तेवढं, हवं असेल तेव्हा, आपण हाताने भरवत राहू. तोंड फिरवलं की थांबायचं. तोंड ओलं ठेवायचं. उपाशी ठेवणं वेगळं आणि हे वेगळं."

"आणि नंतर मला वाटलं की मी काहीच केलं नाही, तर?" तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज पार लहान झाला होता.

उत्तर मावशीने दिलं. "तर माझ्यावर ढकल. सांग, आई ऐकेना. मला चालतं." मग तिने त्याच्या हातात वाटी दिली. "हे घे. संत्र्याचं सरबत गोठवलंय. चमच्याच्या टोकावर एवढंसं घे, खालच्या ओठाला लाव आणि वाट बघ. घाई करू नकोस."

तो वाट बघत बसला. बर्फ वितळून चादरीवर सांडला. त्याने पुन्हा घेतलं. या वेळी काकांची जीभ बाहेर आली, त्यांनी चव घेतली आणि ओठ मुडपले, आंबट लागलं की पूर्वी मुडपायचे तसे. "आई, बघ! त्यांना आवडतंय!" तो ओरडला. त्या दिवसापासून भरवायचं काम त्याने कुणाला करू दिलं नाही. रजा त्याने दोनदा वाढवली.

काका गेले ते भर दुपारी. बाहेर स्वच्छ ऊन होतं. मावशी त्यांच्याशेजारी आडवी झाली होती आणि तिला डुलकी लागली होती. मुलगा खुर्चीवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होता, कुठल्याशा नव्या पुलाची बातमी. वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की श्वास ऐकू येत नाही. त्याने आईला लगेच उठवलं नाही. बातमी शेवटपर्यंत वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि मग तिच्या खांद्याला हात लावला. मी पोचले तेव्हा काकांच्या अंगावर निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, आणि कपाळावर एकही आठी नव्हती. मावशी बोटाने ते कपाळ पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती.

आता हॉस्पिसमध्ये महिन्यातून एकदा घरच्या लोकांची बैठक असते. मावशी जाते. मागे एकदा एक गृहस्थ अभिमानाने सांगत होता, की त्याच्या आईला काही आठवत नाही, पण ती दिवसभर मांडीवर पीठ मळल्यासारखे हात चालवते. खोलीतले सगळे कौतुकाने हसले. मावशी हसली नाही. "केव्हा मळते? पोटावर हात असतो का? तोंड कसं करते?" तिने त्या बिचाऱ्याला इतकं पिडलं, की त्याने घाबरून सिस्टरला घरी नेलं. सिस्टरने नीट पाहिलं, पोट तपासलं, काही दिवस औषधही देऊन बघितलं. काहीच फरक पडला नाही. म्हातारी मजेत पीठ मळत राहिली. तिला कुठेही दुखत नव्हतं.

हे कळल्यावर मावशी इतकी खूश झाली, की मला सांगायला ती धावत रस्ता ओलांडून आली. "अगं, ती खरंच मळते!" माझ्या दुकानात गिऱ्हाइकासमोर ती म्हणाली. "खरंच मळते ती!"

गेल्या महिन्यात मुलगा आला होता. जेवताना त्याने अवघडत विषय काढला. "आई, उद्या तुझ्यावर अशी वेळ आली, तर आम्ही काय करायचं? आत्ताच सांगून ठेव."

"नळी नको," मावशीने लगेच सांगितलं. "हॉस्पिटल नको. खिडकीजवळ झोपवा. आणि कपडे मी स्वतःच शिवून ठेवणारे."

"बरं. आणखी?"

तिने विचार केला. "तू ये. लवकर ये. शेवटचं बघायला म्हणून नाही, आधीच ये, मला अजून भांडता येत असेल तेव्हा."

"म्हणजे केव्हा?"

"दर महिन्याला," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.